'ए आजोबा, तू' आणि साडेसहाचा कॉल

हे प्रकरण घणसोलीतल्या एका कुटुंबाचं आहे. लिहिण्याला त्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, तारखा मात्र तशाच ठेवल्या आहेत, कारण सगळा गुंता तारखांवरूनच सुटला. यात कोणाला नावं ठेवलेली नाहीत, दोन्ही अर्थांनी. पहिलीत जाणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला मी 'चिरंजीव' म्हणणार आहे. त्याचे आजोबा पहिल्याच फोनवर म्हणाले होते, "आमच्या चिरंजीवांचे चिरंजीव फार उद्धट झाले आहेत." तेव्हापासून माझ्या फाइलवर तेच नाव पडलं.

तक्रार

आजोबा वाईचे, निवृत्त मुख्याध्यापक. २०२४च्या दिवाळीला ते आणि आजी लेकाकडे घणसोलीला आले आणि नोव्हेंबर संपेपर्यंत राहिले. परत गेल्यावर त्यांनी मला फोन केला. ठाण्यात नौपाड्यात माझी समुपदेशनाची खोली आहे, पत्ता त्यांना कोणीतरी दिला होता. त्यांनी दोन प्रसंग सांगितले.

पहिला पाडव्याचा, २ नोव्हेंबरचा. घरात व्याही आले होते, सोफा भरला होता. चिरंजीव आतून आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ए आजोबा, तू सरक ना, मला बसू दे." व्याही हसले. आजोबांना ते हसणं लागलं.

दुसरा प्रसंग नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला. संध्याकाळी सून फोनवर होती, ऑफिसचं काम चाललं होतं. पलीकडच्या खोलीतून आजोबांना ऐकू आलं, "ए, ठेव तो फोन! गप बस!" आईला! आजोबा शब्दाशब्दावर थांबत म्हणाले, "माझ्या मुलाने माझ्यासमोर आवाज चढवला नाही कधी. अजूनही मला 'अहो बाबा' म्हणतो."

निष्कर्षही त्यांनीच काढून ठेवला होता. दोघांना वेळ नाही, मूल दिवसभर गावठाणातल्या पाळणाघरात, तिथली भाषा उचलणारच, घरी वळण लावायला कोणी नाही. सूनबाईंना दोष देत नाही, असंही म्हणाले. ते ज्या सुरात म्हणाले त्यावरून दोष कोणाकडे जातो ते कळत होतं.

७ डिसेंबरला, शनिवारी, आई मुलाला घेऊन आली. बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, चूक माझीच आहे. मी त्याचं पाळणाघर बदलायला घेतलंय." सेक्टरच्या बाजूला एक नवीन पाहिलं होतं. कॅमेरे होते, एसी होता, आणि तिथल्या ताई मुलांना 'प्लीज' आणि 'थँक्यू' शिकवतात असं फलकावर लिहिलं होतं. चिरंजीव तोवर माझ्या टेबलावरचा स्टेपलर उघडून आत पिना किती आहेत ते मोजत होते.

तारखा लिहा

तक्रार संस्कारांची असली की मी आधी तारखा विचारते. संस्कार हा शब्द एवढा मोठा आहे की त्याच्या पोटात काहीही मावतं. तारीख विचारली की माणसाला एक एक गोष्ट बाहेर काढून ठेवावी लागते.

हा आजोबांना 'तू' केव्हापासून म्हणतो?

आई विचारात पडली. मग म्हणाली, "खरं तर पहिल्यापासूनच. बोलायला लागला तेव्हापासून पाळणाघराच्या काकींकडेच आहे ना. मोठ्या दिराला तू, शाळेतल्या बसच्या दादाला तू, आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरींनाही तू."

आणि "ए, फोन ठेव"?

या प्रश्नावर तिला थांबावं लागलं नाही. "नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू झालं. आधी कधीच नव्हतं."

म्हणजे एक गोष्ट तीन-चार वर्षांची जुनी आणि दुसरी तीन आठवड्यांची. आजोबांना दोन्ही एकाच महिन्यात ऐकू आल्या म्हणून त्यांची एकच गोष्ट झाली. जुन्या गोष्टीचं कारण नव्या गोष्टीला लावलं गेलं आणि शिक्षा व्हायची होती पाळणाघरवाल्या काकींना. त्यांना तर यातलं काही माहीतही नव्हतं.

मग मी विचारलं, नोव्हेंबरमध्ये घरात काय बदललं? ती म्हणाली, काहीच नाही. थोड्या वेळाने तिला आठवलं: "फक्त माझा एक कॉल तासाने पुढे गेला."

एक तास कुठून आला

आई ऐरोलीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगची टीम सांभाळते. काम नेदरलँड्समधल्या ग्राहकाचं. तिथला मॅनेजर आणि ही, दोघांचा सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार असा रोजचा कॉल, त्यांच्या दुपारी दोन वाजता. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे, म्हणजे इथे साडेपाच. कॉल सव्वासहाला संपायचा. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलने रबाळे, मग घणसोली, स्टेशनवरून चालत काकींचं घर, पावणेसातला मूल ताब्यात. सातपासून नऊपर्यंत दोघांचं राज्य. स्वयंपाक चालू असायचा, पण तो ओट्याशी स्टुलावर बसून बडबडत असायचा.

युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतात. २०२४मध्ये तो रविवार २७ ऑक्टोबरला होता. आपलं घड्याळ हलत नाही. त्यामुळे सोमवारपासून त्यांचे दोन म्हणजे आपले साडेसहा झाले. काकींचं पाळणाघर सातला बंद होतं, म्हणून आई पावणेसहालाच ऑफिसातून निघून मुलाला घेऊ लागली आणि कॉल घरून. साडेसहा ते सव्वासात, कधी साडेसात. मुलाच्या दिवसातला सगळ्यात चांगला तास बरोबर तोच होता.

"त्यांनी न विचारता वेळ बदलली?" मी विचारलं.

"नाही, विचारलं होतं." तिने फोनमध्ये मेल शोधून दाखवला. २४ ऑक्टोबर, गुरुवार. घड्याळ बदलल्यावर तुमच्याकडे साडेसहा होतील, ही वेळ तुम्हाला जमेल का, असं सरळ एका ओळीत लिहिलं होतं. तिचं उत्तर चार मिनिटांनी गेलेलं. 'नो प्रॉब्लेम ॲट ऑल.' पुढे हसरा चेहरा.

मी विचारलं, खरंच काही अडचण नव्हती? ती जराशी चिडूनच म्हणाली, "अहो, त्यांनी विचारलं म्हणजे ठरलेलंच असतं ना. उगाच कशाला नाही म्हणायचं? मी चालेल म्हटलं."

मराठीत 'चालेल' हा काय शब्द आहे, यावर एखादीने प्रबंध लिहावा. चहा देऊ का, चालेल. साखर कमी पडली, चालेल. तुमच्या मुलाच्या लग्नात मला मागच्या पंगतीत बसवलं, चालेल. त्यात होकार असतो, पण आनंद असेलच असं नाही. आपल्यातला माणूस 'चालेल' ऐकल्यावर सूर तपासतो, तोंडाकडे बघतो, आणि वाटलं तर म्हणतो, "नसेल जमत तर तसं सांगा हं." तो दुसरा प्रश्न म्हणजे आपल्याकडचा खरा प्रश्न. पहिला नुसता शिष्टाचार. नेदरलँड्सच्या माणसाने पहिलाच प्रश्न खरा विचारला होता, आणि दुसरा विचारायची त्यांच्याकडे पद्धतच नाही. नो प्रॉब्लेम म्हणजे त्याच्या लेखी प्रॉब्लेम नाही. विषय संपला.

गंमत अशी की हाच मॅनेजर बुधवारी दुपारी कॉलला नसतो. तिथल्या प्राथमिक शाळा बुधवारी दुपारी सहसा लवकर सुटतात, आणि बापाने आठवड्यातला एक दिवस मुलांसाठी राखून ठेवायला तिथे शब्दच आहे, 'पापादाख', बाबांचा दिवस. त्याच्या कॅलेंडरवर बुधवार तसाच रंगवलेला होता, मुलीच्या नावासकट. हिने तो रंगवलेला चौकोन वर्षभर पाहिला होता. तिला त्याचं कौतुक वाटायचं. आपणही एखादा चौकोन रंगवावा असं मात्र एकदाही मनात आलं नव्हतं.

आठवड्याची वही

मी आठवडाभराची वही ठेवायला सांगितली, ९ ते १३ डिसेंबर. मूल जागं असताना कोण किती वेळ त्याच्याबरोबर, फोन हातात नसताना. शिवाय कॉल चालू असताना मुलाने बोलायचा प्रयत्न केला तर पहिला शब्द काय आणि पुढे काय झालं, तेही.

पाच दिवसांत आईचा वेळ भरला तीन तास दहा मिनिटं. त्यातला निम्मा सकाळचा, ऊठ, दात घास, बाटली घेतलीस का. बाबांचा एक तास पाच मिनिटं. ते चकाल्याला कामाला, म्हणजे घणसोलीहून ठाणे, ठाण्याहून घाटकोपर, तिथून मेट्रो. घरी यायला पावणेनऊ. काकींचे साडेसत्तावीस तास.

वहीतली दुसरी नोंद जास्त बोलकी निघाली. चार कॉलमध्ये त्याने एकोणीस वेळा बोलायचा प्रयत्न केला. चौदा वेळा सुरुवात 'आई', 'आई ऐक ना', 'आई, एक सांगू?' अशी होती. चौदाही वेळा त्याला आईचा उभा पंजा मिळाला, किंवा ओठांवर बोट. पाच वेळा सुरुवात 'ए' ने झाली, मोठ्या आवाजात. पाचही वेळा आईने घाईघाईने कॉल म्यूट केला, त्याच्याकडे वळली, त्याच्याशी बोलली. ओरडली असेल, पण बोलली.

वही वाचून झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मीच शिकवलं."

मी म्हटलं, म्यूटच्या बटणाने शिकवलं. मऊ बोललं की कोणी ऐकत नाही आणि टाकून बोललं की लगेच ऐकलं जातं, हे पाच वेळा प्रयोग करून सिद्ध झाल्यावर सहा वर्षांचा मुलगा मऊ कशाला बोलेल? तिचा प्रत्येक पंजा पलीकडच्या माणसाशी सभ्यपणे वागण्यासाठी होता. मागून मुलाचा आवाज गेला तर बरं दिसत नाही म्हणून. खुद्द पलीकडच्या माणसाची मुलगी दोनदा कॉलवर हात हलवून गेली होती, हे तिनेच मला नंतर सांगितलं. भीड भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात. इथे भीड आईची होती आणि झोळी मुलाच्या हातात.

काकींकडे

पाळणाघर बदलण्याआधी मला एकदा तिथे जाऊ द्या, अशी मी विनंती केली. खरं सांगायचं तर मलाही उत्सुकता होती.

सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, १९७०मध्ये स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी इथल्या आगरी-कोळी गावांच्या जमिनी संपादित झाल्या. शेतं, मिठागरं गेली, गावठाणं मधे मधे राहिली. भोवताली सेक्टर झाले. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायच्या योजनेत ज्यांना भूखंड मिळाले त्यांनी इमारती उभ्या केल्या. काकींचं घर अशाच गल्लीत. खाली तीन खोल्या, दोनांत पाळणाघर, तिसरीत नव्वदीच्या घरातली सासू. अंगणात सुकटीचा वास. नऊ मुलं.

मी गेले तेव्हा दुपारचं जेवण संपत आलं होतं. काकींनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "ये, बस. पानी पी." मी पन्नाशीची, अनोळखी, आणि बाईने पहिल्याच वाक्यात 'ये' म्हटलं. क्षणभर मलाही ते लागलं, हे कबूल करते. माझं माहेर पुण्याचं. मग तांब्या आला, पाठोपाठ तांदळाची भाकरी आली, आणि 'नको' म्हणायची सोयच राहिली नाही.

त्या घरात सासऱ्याला तू होतं, सासूला तू, गावातल्या पुढाऱ्यालाही तू. आगरी बोलीत मोठ्यांना 'तुम्ही' म्हणायची चाल फारशी नाही. मालवणी घरांतही बापाला 'तू' सर्रास चालतं. आदर तिथे क्रियापदाच्या शेपटीत नसतो, तो इतर ठिकाणी असतो. कुठे, ते मी पाहिलं. चिरंजीवांना तहान लागली. फळीवरून पेला घेतला, भरला, आणि स्वतः न पिता आधी आतल्या खोलीत गेले. "आजी, तू पानी पी." म्हातारीने दोन घोट घेतले. मग उरलेलं यांनी प्यायलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी शाबासकीही दिली नाही. तिथे तसंच असतं.

काकींना मी आईबद्दल विचारलं. म्हणाल्या, पोरगी चांगली आहे, पण एक वाईट खोड आहे. उशीर झाला की थँक्यू बोलते, रोज बोलते. "मी काय दुकान मांडलंय? थँक्यू बोलून परकी करते मला." उशिराचे पैसे त्यांनी कधी मागितले नाहीत. आईने दिले तर घेतले नाहीत. त्यामुळे आईला अजून अवघड वाटायचं, म्हणून ती अजून थँक्यू म्हणायची. दोघी एकमेकींशी आपापल्या परीने अगदी नीट वागत होत्या आणि दोघींना खुपत होतं.

पायरी आणि जवळीक

इथे थोडी शास्त्राची बाजू सांगते. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी सभ्यतेची जी मांडणी केली (पुस्तकरूपात १९८७), ती इंग्रजी, तमिळ आणि मेक्सिकोतली त्सेल्ताल या तीन भाषांच्या निरीक्षणांवर उभी आहे. माणसाला समाजात दोन गोष्टी हव्या असतात, असं ते म्हणतात. एक, मला आपलं म्हणा. दुसरी, माझ्यावर लादू नका. सभ्यता म्हणजे समोरच्याची यांतली एक किंवा दोन्ही राखणं. काकींचं 'ये, बस' पहिल्या जातीचं. डच मॅनेजरचं 'ही वेळ जमेल का' दुसऱ्या जातीचं. त्याच्या भाषेतही तू-तुम्ही आहे, 'येय' आणि 'यू', पण ऑफिसात साहेबालाही बहुधा 'येय'च. इंग्रजीत मेल लिहिल्यामुळे हे तिला कधी कळायचं कारणच नव्हतं.

आजोबा मात्र या दोन्हींत बसत नाहीत. त्यांना जवळीकही नको होती आणि मोकळीकही. जपानी भाषाभ्यासक साचिको इदे यांनी याच मांडणीवर बोट ठेवलं होतं. आमच्याकडे सभ्यता म्हणजे आपली जागा ओळखून बोलणं, त्याला 'वाकिमाए' म्हणतात, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे त्याला 'पायरी ओळखणं' म्हणतात. आजोबांची तक्रार पायरीची होती आणि ती खोटी नव्हती. चाळीस वर्षं ज्यांना गावाने 'गुरुजी, तुम्ही' म्हटलं, त्यांना व्याह्यांसमोर 'तू सरक' ऐकावं लागलं. ते मला हसण्यावारी न्यायचं नव्हतं.

पण मराठीची पायरी सरळ नाही. आईला 'अगं', बाबांना 'अहो', हे आजोबांच्याच घरात चालतं. मग आईची पायरी खालची का? नाही, आई जवळची. विठोबाला 'अहो' म्हणणारा वारकरी मला अजून भेटलेला नाही. आजोबांना मी हे फोनवर म्हटलं. ते मुख्याध्यापकच, लगेच म्हणाले, "विठोबा व्याह्यांसमोर बसलेला नसतो."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तीन वेळा लिहिलेला मेल

दोन गोष्टी वेगळ्या केल्यावर काम सोपं झालं. 'तू' हा उद्धटपणा नव्हता, ती एक बोली होती. मुलाला ती सोडायची नव्हती, शेजारी दुसरी शिकायची होती. मुलं हे सहज करतात. हाच मुलगा लिफ्टमध्ये शेजाऱ्यांशी हिंदी बोलायचा, शाळेत 'मे आय' म्हणायचा. आजोबांशी 'तुम्ही' ऐकायला मिळत नव्हतं, कारण आजोबा वर्षातून महिनाभर भेटायचे आणि बाबा आजोबांशी फोनवर बोलायचे तेव्हा मूल झोपलेलं असायचं. रविवारी सकाळी बाबांनी स्पीकर लावून वाईला फोन करायचा, एवढंच ठरलं. पाळणाघर बदलायचं रद्द झालं.

'ए, गप बस' हे मात्र उद्धटच होतं, आणि त्याचा उपाय मुलाकडे नव्हता. तो तास परत आणायचा होता.

आईने मॅनेजरला मेल लिहून मला दाखवला. पहिला खर्डा सात ओळींचा. त्रास देत असल्याबद्दल माफी, टीमची सोय सगळ्यात महत्त्वाची, शक्य असेल तरच, नसेल तर काहीच हरकत नाही. मी विचारलं, हे वाचून त्याला काय कळेल? तिनेच पुन्हा वाचलं. "हेच की मला काही नकोय." दुसऱ्या खर्ड्यात मुलाचं आजारपण घुसलं होतं. मुलगा ठणठणीत होता. तिसरा खर्डा दोन ओळींचा: साडेसहा ते साडेसात हा माझा मुलाबरोबरचा वेळ आहे. कॉल तुमच्या एक वाजता घेता येईल का?

तो पाठवायला तिने दोन आठवडे घेतले. नवीन वर्ष उजाडलं. पाठवला त्या दिवशी वीस मिनिटांत उत्तर आलं. एकला घेऊ, सोमवारपासून, आधी का नाही सांगितलंस?

या शेवटच्या चार शब्दांनी ती दोन दिवस झोपली नाही. तिला ते झापणं वाटलं. आपल्याकडे वरिष्ठ 'आधी का नाही सांगितलंस' म्हणतो तेव्हा ते झापणंच असतं. मी म्हटलं, तो तुमचा मागचा मेल काढा. त्याने ऑक्टोबरमध्ये विचारलं होतं. तो खरंच विचारतोय, का नाही सांगितलंस.

१३ जानेवारीपासून कॉल पुन्हा साडेपाचला आला. सगळंच जमलं नाही. गुरुवारी दुसऱ्या एका टीमबरोबरची बैठक साडेसहालाच राहिली, तिथे पाच देशांची माणसं होती. त्या दिवसासाठी चिरंजीवांनी स्वतः नियम केला: एक सांगायचं असेल तर आईच्या गुडघ्यावर हात ठेवायचा, आणि आईने पाच बोटं मोजायच्या आत कॉल म्यूट करायचा. पहिल्या दोन गुरुवारी आईने मोजणी हरली. तिसऱ्यापासून जमलं. 'ए' पूर्ण गेलं का? नाही. कमी झालं. रागावला की अजून येतं, तसं ते कोणत्याही घरात येतं.

माझी एक चूक इथेच नोंदवते. पहिल्या फोनपासून मी फाइलवर आईचाच नंबर लिहिला होता. बाबांना बोलवायचं मला तिसऱ्या भेटीत सुचलं. २०१९च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्यांची देखभाल करणाऱ्या स्त्रियांचा त्यावरचा वेळ दिवसाला सरासरी १३४ मिनिटं आणि पुरुषांचा ७६ मिनिटं निघाला होता. हे आकडे मी कार्यशाळांत सांगत असते. आणि माझ्याच फाइलमध्ये बापाच्या पाच दिवसांतल्या पासष्ट मिनिटांवर मी काही विचारलं नव्हतं. ज्याचं ऑफिस जवळ त्याच्यावर सगळं, हा हिशेब मीही मान्य करून बसले होते. बाबा आले, अवघडून बसले, आणि म्हणाले, "मला कोणी विचारलंच नाही." आता सकाळची शाळेची बस त्यांच्याकडे आहे. गाडी एक लोकल उशिराची पकडतात. दात घास, बाटली घेतलीस का, हे आता ते म्हणतात.

संक्रांत आणि पाडवा

१४ जानेवारीला आईने मला एक आवाजाची फीत पाठवली. चिरंजीव स्पीकरवर वाईला: "आजोबा, तिळगूळ घ्या, गोड गोड बोला." पाठोपाठ दार वाजल्याचा आवाज, काकी आल्या असाव्यात, आणि त्याच दमात: "काकी, तिलगुल घे, गोड बोल!" 'ळ' चा 'ल' सुद्धा बरोबर बदलला होता.

शेवटची भेट मार्चमध्ये झाली. आईने जाताना सांगितलं, मॅनेजरने विचारलंय, ३० मार्चला आमची घड्याळं पुन्हा पुढे जातील, तेव्हा कॉल परत दोनला आणूया का? इथे पुन्हा साडेपाचच होणार होते. "मी लगेच उत्तर नाही दिलं," ती म्हणाली. "आधी बोटांवर मोजलं."

२०२५मध्ये ३० मार्चलाच गुढीपाडवाही होता. आजी-आजोबा घणसोलीला आले होते. दुसऱ्या दिवशी आजोबांचा फोन आला. प्रगती आहे, म्हणाले, पण समाधानकारक म्हणता येणार नाही. सकाळी बाल्कनीत गुढी उभारायला ते स्टुलावर चढले होते. चिरंजीव खालून काठी धरून होते आणि व्यवस्थित बोलत होते, "आजोबा, तुम्ही बांधा, मी धरतो." तेवढ्यात स्टूल हललं.

"तर म्हणतो कसा, ए आजोबा, तू पडशील! आणि माझा पायच धरला."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? उतरलो खाली." थोडं थांबून म्हणाले, "आपण नोंद करून ठेवा."

मी तारीख लिहून ठेवली.